साबणावर चालणारी गाडी

दाजी, तुमच्या गाडीचं मागचं झाकण मी उघडलं. तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात, तरी उघडलं. रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

तुमचा चौदावा होऊन चार दिवस झाले. मांडव उतरला, सतरंज्या गेल्या, भाचा पुण्याला नोकरीवर परत गेला. माझं मात्र कुठं बूड टेकत नाही. वडवणीला दुकान उघडतो, पाना हातात घेतो, परत खाली ठेवतो. ट्रॅक्टरवाला विचारतो एक, मी सांगतो भलतंच. परवा एकाचा डिझेल पंप खोलला आणि तो कशाला खोलला तेच विसरलो. बोलायचंय ते तुमच्याशी, आणि गेले आठ महिने मी तुमच्याशी बोललेलो नाही. अबोला मीच धरला होता. आता तो सोडायचा तर कुणापुढं सोडायचा?

चौदाव्याला माहेरच्यांनी दुखवटा न्यायचा असतो. आक्काला माहेर म्हणजे आता मी एकटा धाकटा भाऊ. बीडला जाऊन चांगलं लुगडं घेतलं, भाच्याला टॉवेल-टोपी घेतली, आणि माजलगावला तुमच्या घरी ताट पुढं केलं. आक्कानं लुगड्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या चार बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाली, "लुगडी हायेत मला कपाट भरून. दत्ता, माहेरचं काय द्यायचंच असंल तर ती गाडी गळायची थांबव."

एक म्हातारी म्हणाली, "दुखवट्याला गाडी मागत्यात व्हय गं बाई?"

"गाडी कुठं मागतीय? गळणं थांबव म्हणतीय," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "सात वर्षं झाली. गळणं थांबलं की तुला बसवतो म्हणायचे. पुढच्या सीटवर बसवून वडवणीला नेतो, भावाच्या दुकानासमोर उतरवतो म्हणायचे. पेट्रोलचा वास डोक्यात जातो, तवर नको म्हणायचे. मी एक दिवस त्या गाडीत बसले न्हाई."

हे मला माहीत नव्हतं दाजी. आईशप्पथ माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिलाच ती गाडी आवडत नाही.

तशी ती गाडी कुणालाच कळली नाही म्हणा. ऊसवाल्या बागायतदारानं जीप घ्यावी, आणखी एक ट्रॅक्टर घ्यावा. तुम्ही हैदराबादहून कुणाच्या तरी बंद शेडमधून ती जुनी शर्यतीची गाडी उचलून आणलीत. दोनच दारं, दोनच सीटा, उंची माझ्या कमरेएवढी, आणि इंजिन पुढं नाही तर पाठीमागं. डोळे मिटल्यासारखे दिवे, बटण दाबलं की वर यायचे. त्यातला डावा कधी यायचा, कधी यायचा नाही. सिंदफणेच्या पुलावर लोक थांबून बघायचे. मी पहिल्यांदा बसायला वाकलो आणि डोकं आपटलं, तर तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, हिच्यात बसायचं म्हणजे आधी नमस्कार घालावा लागतो." त्यानंतर मी दर वेळी चिडून वाकायचो आणि तुम्ही दर वेळी "सुखी रहा" म्हणायचात.

तेव्हा माझं दुकान नवीन होतं, वर्षसुद्धा झालं नव्हतं. डिझेल पंपाचा कारागीर म्हणून पाटी लावली होती, पण पाटीकडं बघायला कुणी येत नव्हतं. तुमच्या गाडीत पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, इंजिनाला लावलेला, मुठीएवढा. तो बिघडला. माजलगावात कारागीर थोडे होते का? तरी तुम्ही मला बोलावलंत. अंगणात गावातले दहा ट्रॅक्टरवाले चहाला बसवलेत आणि त्यांच्यासमोर मला गाडी दिलीत. "आमचा मेहुणा. डिझेल पंपाचा डॉक्टर हाय. पेट्रोलचा पंप तर त्याच्या हातचा मळ." मी पंप खोलला, साफ केला, बसवला, गाडी एका आवाजात चालू झाली. त्या दहा जणांतले सात त्या मोसमात माझ्या दुकानात आले. आज जे काही आहे ते तिथून सुरू झालं.

पुढं तीन-चार महिन्यांत गळायला लागलं. थेंब-थेंब. टाकी भरलेली असली की उभ्या गाडीतूनही गळायचं. त्या गाडीला सीटच्या मागं टाकी आणि टाकीला खेटूनच इंजिन, त्यामुळं थेंब पत्र्यावरून घरंगळत कुठून कुठं जायचा ते कळत नव्हतं. पण मला शंभर टक्के कळलं होतं. मी वाकून बघितलंसुद्धा नाही, उभ्या उभ्या सांगून टाकलं, "टाकी सडलीय दाजी. जुना पत्रा." उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी कपड्याच्या साबणाची वडी घेऊन टाकीला घासलीत. आपल्याकडं सगळेच घासतात, मोटारसायकलच्या टाकीला भोक पडलं की आधी साबण. पण दोन दिवसांसाठी. तुम्ही सात वर्षं घासत राहिलात. गाडीखाली स्टीलची एक वाटी ठेवलीत, आणि मला ताकीद दिलीत, "पाव्हणं, ह्या झाकणाला आता तुमी हात लावायचा न्हाई. टाकी हाय, चालतंय तसं चालू द्या."

मला वाईट वाटलं. मग राग आला. डिझेल पंपाच्या कारागिराला स्वतःच्या बहिणीच्या घरची गाडी उघडू देत नाहीत, म्हणजे विश्वास नाही, दुसरं काय? मी कधी हसून, कधी टोचून विषय काढायचो. टाकी बदला, टाकीला झाळ मारा, मी उतरवून नेतो. तुम्ही विषय बदलायचात. ऊस कसा आहे, धरणात पाणी किती आहे.

आणि मग भाच्याचा साखरपुडा. दोनशे माणूस. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी तुमच्या गाडीचं कौतुक करायला लागलं आणि माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. मी मोठ्यानं म्हणालो, "कशाचं कौतुक करताय? साबणावर चालणारी गाडी हाय ती. चाळीस एकर बागायत, अन् गळती थांबवायची अक्कल न्हाई." पंगत हसली. नव्या सोयऱ्यांसमोर हसली. तुम्ही वरण वाढत होतात. पळी तशीच हातात धरून तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "खरंय पाव्हण्यांचं." तुमच्या चुलतभावानं विचारलं, एवढं बोलला तरी ऐकून घेता? तर म्हणालात, "आपलेच दात, आपलेच ओठ." मला वाटलं, हे मला टोमणा मारून म्हणालात. हात धुतला आणि न जेवता निघालो. आठ महिने तुमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तुमचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा मी वाजू दिला. तिसरा फोन आक्काचा आला, तेव्हा तुम्ही गेलेले होतात.

तर काल सकाळी माजलगावला जाऊन मी गाडीजवळ गेलो. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी टाकी भरून आणली होतीत, वाटीत पेट्रोल होतं. आक्का रोज सकाळी ती वाटी उचलून बांधावर ओतून येत होती. सुतकातसुद्धा तिनं ते चुकवलं नाही. मी आधी बॅटरीची वायर काढली, मग टाकीतलं पेट्रोल नळीनं कॅनमध्ये काढलं. टाकीवरचा साबण पाण्यानं पुसला, पत्रा कोरडा केला. ग्लासभर पेट्रोल परत ओतून वर्तमानपत्राचा तुकडा टाकीला सगळीकडून दाबून धरला. कागद कोरडाच. परत धरला. कोरडा. तळाशी, जोडावर, बुचाजवळ. कुठं ओल नाही. टाकी खणखणीत होती दाजी. नवीन असल्यासारखी.

मग मी झाकण पूर्ण वर केलं आणि टॉर्च लावून आत बघितलं. टाकीकडून येणारा पाइप जिथं त्या छोट्या पंपाला जोडलाय, तिथं लिंबाएवढा साबणाचा गोळा. टाकीवर होता तो पातळ, वरवरचा, बघणाऱ्यासाठी. हा खरा होता. पेचकसानं खरवडायला लागलो तर वरचा थर पिवळा, त्याच्या खाली निळा, परत पिवळा, मग हिरवट. घरात ज्या वर्षी जो साबण आला तो. शेवटी तळाशी जोड सापडला. बोल्ट सोडला आणि आतून वायसर, जोडातली चकती, बाहेर पडला.

रबराचा. ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कात्रीनं कापलेला. ट्यूबवर ती उभट रेघ असते ना, ती त्याच्यावर तशीच होती. फुगून, चिघळून बोटाला चिकटत होता. दाजी, तो मी कापलेला होता. माझी कात्री एका बाजूला दात सोडते, तो दातसुद्धा तिथं होता.

मी तिथंच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो. सगळं आठवलं. त्या दिवशी अंगणात दहा माणसं बसलेली, आणि जुना तांब्याचा वायसर माझ्या हातून निसटून कुठं तरी मातीत गेला. सापडेना. सगळ्यांसमोर शोधायची लाज वाटली. खिशात ट्यूबचा तुकडा होता, गाडीमागं वाकलो, कापला, बसवला. मनात म्हटलं, आठ दिवसांत येऊन तांब्याचा लावू. डिझेलला असं किती तरी वेळा निभावून नेलंय. पण पेट्रोल रबराला खातं. त्यातही आता कारखान्यात उसापासून काढलेलं स्पिरिट पेट्रोलात मिसळतात, ते तर जुन्या रबराला सोडतच नाही. आठ दिवसांनी दुकानात गिऱ्हाईक वाढलं आणि मी विसरलो. नुसतं विसरलो नाही, तांब्याचाच लावला असं मनाशी पक्कं करून टाकलं. गेली सात वर्षं कुणी देवापुढं उभं केलं असतं तरी मी तांब्याचाच म्हणालो असतो.

आणि मग गाडीतला सीटसमोरचा कप्पा उघडला. सुपारीच्या रिकाम्या पुडीत दोन वायसर. तांब्याचे, बरोब्बर त्याच मापाचे. कप्प्यात राहून काळे पडले होते.

ते बघितल्यावर जे आठवलं त्यानं मला झोप नाही दाजी. गळायला लागल्यावर तुम्ही एकदा दुकानात आला होतात. एकटे. कुणी नव्हतं. हात पुढं केलात, तळहातावर हीच पुडी होती. "पाव्हणं, पंपाकडचा वायसर एकदा बघता का? दोन आणलेत मी." मी तुमच्या अंगावर आलो. "आता मला वायसर दाखवता? माझं काम बघायची गरज न्हाई. टाकी बघा तुमची." तुम्ही पुडी मिटलीत, खिशात घातलीत आणि म्हणालात, "राहू द्या. चहा सांगा."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मला एकट्याला गाठून, माझ्याच हातून दुरुस्त करून घ्यायला आला होतात. मी नाही म्हणालो. दुसऱ्या कारागिराकडं नेली असती तर त्यानं खोलून विचारलं असतं, हे कुणाचं काम? मग माजलगावपासून वडवणीपर्यंत माझी पाटी उतरली असती. म्हणून टाकी. म्हणून टाकीवर दाखवायचा साबण. म्हणून मला झाकणाला हात लावायला बंदी, चारचौघांत मीच उघडून बघेन आणि माझीच मान खाली जाईल म्हणून. आणि मी भर पंगतीत तुमची अक्कल काढली.

उपकार मानू म्हणतो तर तेवढ्यात राग येतो. गरम इंजिनावर पेट्रोल गळत होतं, दाजी. एखाद्या दिवशी पेटली असती तर? तुम्ही एकटेच बसायचात, धरणाच्या बांधापर्यंत जाऊन यायचात. माझ्या पाटीसाठी जीव टांगणीला लावून फिरत होतात आणि वर मला "सुखी रहा" म्हणत होतात. एक कानाखाली द्यायची होती मला. मोठे होतात, हक्क होता. "लेका, तुझा वायसर हाय" एवढं म्हणायला काय झालं होतं? मी चार दिवस फणफणलो असतो आणि पाचव्या दिवशी पाना घेऊन आलो असतो. का नाही दिलीत कानाखाली? ह्याचं उत्तर मला पाहिजे आणि ते तुम्ही घेऊन गेलात.

वायसर तेच लावले, तुम्ही आणलेले. चूल पेटलेली होती, तिच्यावर लाल केले, पाण्यात टाकले. तांबं असं केलं की मऊ पडतं, जोडावर घट्ट बसतं. बोल्ट आवळला. पेट्रोल भरलं. गाडी चालू करून अर्धा तास कागद धरून बसलो. कोरडा.

मग आक्काला सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. टाकी नव्हती, मी होतो. रबर, पुडी, सगळं. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली.

"म्हंजे त्यांना म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"अन् मला टाकी म्हणून सांगितलं."

"तुझ्यासमोर माझी मान खाली जाऊ न्हाई म्हणून, आक्का."

"लई चांगलं केलं," ती म्हणाली. पीठ लागलेला हात तिनं परातीवर आपटला. "तुमी दोघांनी एकमेकांची इज्जत सांभाळली. अन् माझी सीट रिकामी ठेवली. सात वर्षं. मला इचारलं असतं तर मी म्हणले असते, मरू दे माझ्या भावाची पाटी, मला गाडीत बसव. कावून न्हाई इचारलं मला?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडंही नसेल. हे मात्र आपण दोघांनी मिळून केलं, दाजी.

थोड्या वेळानं तिनं तवा उतरवला, हात धुतले, मी आणलेलं दुखवट्याचं लुगडं नेसून बाहेर आली. गाडीपाशी उभी राहिली. दार उघडून दिलं तर वाकता येईना, गुडघे दुखतात तिचे. धरून बसवलं. तुम्ही असतात तर नमस्काराचं बोलला असतात. मी नुसतं दार लावलं. तिनं नाकानं दोनदा श्वास ओढून बघितला आणि म्हणाली, "चल."

तेलगावचा रस्ता धरला. उसाच्या ट्रॉल्या पुढं चाललेल्या, मला ती गाडी नीट चालवता येत नाही, दुसरा गिअर पडायला त्रास देतो. लोक बघत होते. डोक्यावर पदर घेऊन आक्का सरळ समोर बघत बसलेली. तेलगावच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "इथं किती खाली बसतंय माणूस. सगळे ट्रॅक्टर मोठे दिसतात." मग म्हणाली, "त्यांना असंच दिसायचं की."

दुकानासमोर गाडी थांबवली. पाच-सहा गिऱ्हाईकं बसली होती, दोघं साखरपुड्याच्या पंगतीत होते. एकानं विचारलंच, "काय पाव्हणं, साबणावरच आली का?" मी खिशातून ते रबर काढून टेबलावर ठेवलं. म्हणालो, "टाकीला काय झालं नव्हतं. हे मी बसवलं व्हतं. सात वर्षं दाजींनी माझ्या नावावर साबण लावला. पंगतीत मी बोललो ते उलटं व्हतं. अक्कल मला नव्हती." एक जण रबर उचलून बघायला लागला, मग त्यानं ते हळूच परत ठेवलं. उद्यापासून किती जण येतात ते बघू. नाही आले तर नाही आले. तुम्ही झाकून ठेवलेलं मी उघडलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला ते झाकलेलं घेऊन बसता येत नव्हतं.

आक्का गाडीतून उतरली नाही. तिथूनच बघत होती. परत जाताना म्हणाली, "एवढं जोरात सांगायची गरज नव्हती." पण तिचा राग थोडा उतरला होता, मला तिच्या आवाजावरून कळतं.

गाडी शेडमध्ये लावली, सवयीनं तिनं खाली वाटी सरकवली. मी मुक्कामाला न थांबता वडवणीला आलो.

आज सकाळी उजाडता उजाडता तिचा फोन आला. मी घाबरून उचलला. म्हणाली, "दत्ता, वाटी कोरडी हाय."

"मग चांगलं झालं की आक्का. थांबलं गळणं."

मग ती रडायला लागली, दाजी. तुम्हाला नेलं तेव्हा रडली नव्हती, चौदाव्याला नव्हती, काल माझ्यावर एवढी चिडली तेव्हाही नव्हती. आज मोकळी रडली. मधेच म्हणाली, "सात वर्षं सकाळी उठले की पैली ती वाटी उचलत व्हते. त्यांच्यामागं तेवढंच एक काम राहिलं व्हतं त्यांचं. आता उठून काय करू रे मी?"

मी फोन धरून उभा होतो. दुकानाची किल्ली हातात होती. मी तिला म्हणालो, चहा ठेव, मी येतोय. दुकान आज उघडत नाही.